मेकअप सोडायचा की ठेवायचा, हे एकेका वस्तूपुरते ठरवा

ताई, तुम्ही लिहिले आहे की तुम्ही ५९ वर्षांच्या आहात, बडोद्यातच मांजलपूर भागात राहता आणि पुढच्या वर्षी बँकेतील नोकरीतून निवृत्त होणार आहात. नोकरीला लागल्यापासून सकाळी फाउंडेशन, कॉम्पॅक्ट, काजळ आणि लिपस्टिक लावल्याशिवाय तुम्ही घराबाहेर पडलेल्या नाहीत. गेली दोन-तीन वर्षे मात्र फाउंडेशन दुपारपर्यंत डोळ्यांखालच्या आणि ओठांच्या बाजूच्या रेघांमध्ये साचते, संध्याकाळी डोळे चुरचुरतात, आणि जाऊबाई म्हणतात की आता घरात सून येणार, तेव्हा हे सगळे पुरे करा. मुलीचे म्हणणे याच्या उलट आहे. काजळाशिवाय तू आजारी दिसतेस, असे ती म्हणते. डिसेंबरमध्ये मुलाचे लग्न आहे आणि त्याआधी मेकअप कायमचा सोडावा की सुरू ठेवावा, हे तुम्हाला ठरवायचे आहे.

मी गेली ३४ वर्षे दांडिया बाजारात ब्यूटिशियन म्हणून काम करते आणि आता स्वतः ६१ वर्षांची आहे, त्यामुळे हा प्रश्न मी खुर्चीमागे उभी राहूनही पाहिला आहे आणि आरशासमोर बसूनही. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. जिथे डॉक्टरांचे काम आहे तिथे तसे स्पष्ट लिहीन. आणि तशी पहिली जागा लगेचच आली आहे. तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिले आहे की टिकलीखालची जागा थोडी फिकी पडली आहे, म्हणून हल्ली तुम्ही मोठी टिकली लावता. तुमच्या सगळ्या मजकुरात तातडीची गोष्ट हीच आहे, म्हणून मूळ प्रश्नाआधी तिच्याबद्दल लिहिते.

टिकलीच्या मागे जो चिकट थर असतो, त्यात पुष्कळदा पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल नावाच्या रसायनापासून केलेली राळ असते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना हे रसायन मारक ठरू शकते. सर्वांनाच त्रास होतो असे नाही, परंतु ज्यांना होतो त्यांच्या कपाळावर आधी थोडी खाज किंवा लाली येते, मग टिकलीच्या आकाराचा फिकट ठिपका दिसू लागतो, आणि टिकली लावणे चालूच राहिले तर तो पांढरा पडतो. काहींना खाज मुळीच येत नाही, त्यामुळे ठिपका दिसेपर्यंत काहीच कळत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये असे डाग मला नवरात्र संपल्यावर जास्त आढळतात, कारण नऊ रात्री गरब्यात घाम येतो, टिकली घामात भिजून तासन्‌तास कपाळावर राहते आणि घरी आल्यावर तीच काढून आरशाला चिकटवून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली जाते. ठिपका लवकर ओळखून टिकली बंद केली, तर रंग परत येण्याची आशा चांगली असते; डाग जुना झाला की ते अवघड होते, आणि काही जणींमध्ये तो कपाळापुरता न राहता इतरत्रही पसरतो.

तेव्हा मोठी टिकली लावून तुम्ही ज्या जागेला त्रास होतो आहे तिच्याभोवतीची नवी जागाही त्याच डिंकाखाली आणता आहात. कृपया आजपासून कोणतीही चिकट टिकली लावू नका आणि या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांना कपाळ दाखवा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतर आपल्या आज्या जसे बोटाने मेण लावून वर कुंकू टेकवत, तसे करता येईल, मात्र कुंकू हळद आणि चुन्यापासून केलेले असावे, कारण बाजारातील भडक कुंकवात कृत्रिम रंग असतात आणि त्यांचीही अॅलर्जी येते. असे कुंकूसुद्धा आधी चार-पाच दिवस हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहावे आणि मगच कपाळावर आणावे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. तुम्ही त्याला एक प्रश्न म्हणता, परंतु माझ्या मते त्यात दोन वेगळे प्रश्न गुंतले आहेत. फाउंडेशन साचणे आणि डोळे चुरचुरणे हा शरीराचा प्रश्न आहे, आणि त्याला शरीराच्या पातळीवरचे उत्तर आहे. जाऊबाईंचे बोलणे हा शोभण्याचा प्रश्न आहे, आणि तो कोणत्याही क्रीमने सुटणार नाही. हे दोन्ही एकत्र आल्यामुळे तुम्हाला असे वाटू लागले आहे की त्वचाच जणू जाऊबाईंची बाजू घेते आहे. ते वेगळे केले की निर्णय बराच सोपा होतो. शिवाय 'मेकअप' हा एक शब्द असला, तरी त्यात सहा-सात निरनिराळ्या वस्तू आहेत, आणि प्रत्येक वस्तू वेगळे काम करते. सगळे एकदम सोडणे किंवा सगळे तसेच चालू ठेवणे, हे दोन्ही मार्ग मला अपुरे वाटतात.

यातील बरेच काही प्रकृतीवर अवलंबून असते, हे मान्य करायला हवे. ज्यांची त्वचा मुळात तेलकट आहे अशा काही बायकांना साठीनंतरही फाउंडेशन छान बसते. त्यांना मी ते सोडायला सांगत नाही. रजोनिवृत्ती होऊन किती वर्षे झाली, थायरॉइडचा त्रास आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, दिवसाचे किती तास एसीत जातात, चष्मा कोणत्या प्रकारचा आहे, या सगळ्यांनी उत्तर बदलते. तुमच्या वर्णनावरून त्वचा कोरडी झालेली दिसते, आणि बँकेतील दिवसभराचा एसी त्यात भर घालतो आहे, असे धरून मी पुढे लिहिते.

तुमचे फाउंडेशन पूर्वी टिकत असे आणि आता का टिकत नाही, याचे कारण ब्रँडमध्ये नाही. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटले की त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजेन नावाचे प्रथिन झपाट्याने कमी होते. पहिल्या पाच वर्षांत ही घट सुमारे ३० टक्के असते, आणि पुढेही ती चालू राहते, फक्त वेग मंदावतो. तेलग्रंथी पूर्वीइतके तेल सोडत नाहीत. तरुणपणी त्वचेचा वरचा थर साधारण २८ दिवसांत नवा होतो, तर साठीच्या आसपास त्याला ४० दिवसांहून अधिक लागतात, त्यामुळे कोरड्या, मृत पेशी पृष्ठभागावर जास्त काळ राहतात. फाउंडेशन म्हणजे पाणी, तेल आणि रंगाची बारीक भुकटी यांचे मिश्रण. पाण्याचा अंश उडून जातो, तेल कोरडी त्वचा ओढून घेते आणि भुकटी तेवढी वर उरते. मग तुम्ही हसता, बोलता, ग्राहकाला काही समजावून सांगताना डोळे बारीक करता, आणि प्रत्येक हालचालीबरोबर ती भुकटी सर्वांत खोल जागेकडे, म्हणजे रेघेकडे सरकते. त्यावर कॉम्पॅक्ट फिरवला की आणखी भुकटी पडते आणि काल न दिसणारी रेघ आज दिसू लागते.

हे मी बायकांना प्रत्यक्ष दाखवते. चेहऱ्याच्या एका बाजूला त्यांचे नेहमीचे फाउंडेशन आणि कॉम्पॅक्ट लावते, दुसऱ्या बाजूला फक्त मॉइश्चरायझर लावून पाच मिनिटे मुरू देते आणि त्यावर रंग असलेले सनस्क्रीन लावते. मग आम्ही दहा मिनिटे गप्पा मारतो, आणि त्यानंतर मी त्यांना हातात आरसा देऊन खिडकीजवळ उभे करते. पहिल्या बाजूला डोळ्याच्या कोपऱ्यात चिमणीच्या पायासारख्या तीन रेघा पांढुरक्या उठलेल्या दिसतात. दुसऱ्या बाजूलाही त्याच रेघा असतात, पण त्यांच्यात काही भरलेले नसल्यामुळे नजर तिथे अडकत नाही. बहुतेक जणी काही न बोलता पहिली बाजू पुसायला कापूस मागतात.

यातूनच माझ्या कामाचा आधार तयार झाला आहे, तो असा की मेकअप एक तर झाकतो किंवा उठाव देतो, आणि वय वाढते तसे झाकणे कमी करावे आणि उठाव राखावा. यामागे कारण आहे. तरुण चेहऱ्यात भुवया गडद असतात, ओठ लालसर असतात, पापण्यांची कड काळी असते आणि बाकीची त्वचा त्यामानाने एकसारखी असते. वयाबरोबर भुवया विरळ आणि पांढऱ्या होतात, ओठांचा रंग उतरतो, पापण्यांचे केस कमी होतात, म्हणजे चेहऱ्याच्या अवयवांमधील आणि त्वचेमधील फरक पुसट होत जातो. अशा चेहऱ्यावर फाउंडेशनचा एकसारखा थर दिला की उरलासुरला फरकही बुजतो आणि चेहरा सपाट दिसतो. तुमची मुलगी म्हणते की काजळाशिवाय तू आजारी दिसतेस, त्यात तथ्य एवढेच आहे की डोळ्यांची कड एकदम पुसली गेली की चेहऱ्यावरचा तो फरक हरवतो, आणि तिने तर तुम्हाला लहानपणापासून काजळाशिवाय पाहिलेलेच नाही.

म्हणून फाउंडेशनबद्दल माझा सल्ला असा आहे की ते रोजच्या वापरातून काढून टाकावे. मी स्वतः ५५ व्या वर्षी ते सोडले. त्याऐवजी रंगछटा असलेले, किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे. त्यातील तपकिरी छटा आयर्न ऑक्साइडमुळे येते, आणि हे द्रव्य सूर्याच्या दृश्य प्रकाशालाही अडवते. आपल्यासारख्या गव्हाळ त्वचेवरील वांग त्या दृश्य प्रकाशानेही वाढत असल्यामुळे साध्या पांढऱ्या सनस्क्रीनपेक्षा याचा उपयोग अधिक होतो. तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेघा, एवढे सनस्क्रीन चेहऱ्याला आणि गळ्याला लागते. फाउंडेशनच्या बाटलीवर एसपीएफ लिहिलेले असले तरी तेवढ्या प्रमाणात फाउंडेशन कोणीच लावत नाही, त्यामुळे त्या आकड्यावर विसंबू नये. गालावर एखादा डाग खुपतच असेल, तर तेवढ्यावरच कन्सीलरचा ठिपका बोटाने थोपटून बसवावा. मात्र एखादा तीळ आकाराने किंवा रंगाने बदलत असेल, किंवा एखादी पुळी महिनाभर बरी होत नसेल, तर तिच्यावर काहीही न लावता ती आधी डॉक्टरांना दाखवावी. आणि दुकानदाराने किंवा शेजारणीने सुचवलेले गोरेपणाचे क्रीम घेऊ नये, कारण अशा मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असते, ज्याने त्वचा आणखी पातळ होते आणि सोडल्यावर चेहरा लाल होऊन पेटतो.

काजळाचा विचार वेगळा करावा लागतो. पापण्यांच्या कडेला तेल सोडणाऱ्या बारीक ग्रंथींची रांग असते, आणि ते तेल अश्रूंवर पसरून त्यांना लगेच सुकू देत नाही. रजोनिवृत्तीनंतर या ग्रंथी आधीच मंदावलेल्या असतात. आपण काजळ ओढतो ते नेमके त्यांच्या तोंडांवर, पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर. त्यात संगणकासमोर बसल्यावर पापण्या कमी मिटल्या जातात. तुमचे डोळे संध्याकाळी चुरचुरतात त्यात याचा वाटा असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून एकदा नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांचा कोरडेपणा तपासून घ्यावा. तोपर्यंत आतली रेघ पूर्ण बंद ठेवावी. वरच्या पापणीवर, केसांच्या मुळांशी, बाहेरच्या बाजूने मऊ तपकिरी किंवा काळ्या पेन्सिलची बारीक रेघ द्यावी आणि खालची पापणी मोकळी सोडावी, कारण खाली ओढलेले जाड काजळ डोळे जास्तच खाली उतरलेले दाखवते. मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांनी टाकून द्यावा. घरी पाडलेले काजळ आणि सुरमा या वयात नकोच. सुरम्यात शिशाचे संयुग असू शकते.

डोळ्यांचाच विषय आहे तर एक प्रसंग सांगते. माझ्याकडे अनेक वर्षे येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका साठीच्या पुढे गेल्यावर हळूहळू गडद लिपस्टिक आणि भरपूर पावडर लावू लागल्या. गालांवरची लाली तर लांबूनही वेगळी दिसे. मला ते खटकत होते, परंतु त्यांच्या आवडीत ढवळाढवळ नको म्हणून मी गप्प राहिले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर दीड महिन्याने त्या आल्या, खुर्चीत बसल्या आणि आरशात बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतके दिवस मी अशी बाहेर पडत होते, आणि तुम्ही मला एकदाही सांगितलं नाही?" मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग पिवळट आणि धूसर होते, त्यामुळे रंग फिके दिसतात आणि माणूस नकळत अधिक गडद रंग निवडतो. त्यांना ते दिसत नव्हते. मला मात्र दिसत होते आणि मी बोलले नाही, याचे वाईट मला अजूनही वाटते. तेव्हापासून पन्नाशीपुढच्या प्रत्येक बाईंना मी डोळे शेवटचे कधी तपासले हे आधी विचारते. तुम्हीही रंगांचा निर्णय घेण्याआधी डोळे तपासून घ्या, आणि शस्त्रक्रिया करावी लागलीच तर त्यानंतर डोळ्यांजवळ काय आणि कधी लावायचे हे केवळ डॉक्टरांनाच विचारा. आरसा खिडकीजवळ ठेवा, कारण बाथरूममधील पिवळ्या दिव्याखाली लावलेला मेकअप बँकेतल्या ट्यूबलाइटखाली वेगळाच दिसतो.

लिपस्टिक मात्र मी तुम्हाला सोडू देणार नाही, अर्थात तुम्हाला ती आवडत असेल तर. चेहऱ्यावर सर्वांत कमी वेळात सर्वांत जास्त उठाव तीच देते. फक्त प्रकार बदलावा लागेल. ओठांना स्वतःच्या तेलाचा आधार जवळजवळ नसतो, आणि वयाबरोबर त्यांच्या कडेला उभ्या बारीक रेघा येतात. द्रवरूप मॅट लिपस्टिक वाळल्यावर ओठ ताणते आणि त्या रेघांमध्ये भेगाळते, तर फार चकचकीत लिपस्टिक त्याच रेघांतून वर झिरपते. मऊ क्रीमसारखी लिपस्टिक घ्यावी, आधी ओठांच्या रंगाच्या पेन्सिलने कड आखावी, एकदा लावून टिश्यूने टिपावी आणि मग दुसरा हलका हात द्यावा. रंगाबद्दल माझा अनुभव असा की आयुष्यभर तपकिरी किंवा त्वचेच्या रंगाची छटा लावणाऱ्या बायकांना या वयात डाळिंबी किंवा गुलाबी जास्त खुलते, कारण तपकिरीने चेहरा आणखी उतरतो. नारिंगीकडे झुकणाऱ्या छटांनी दात पिवळे वाटतात. किंचित जांभळट झाक असलेल्या लाल रंगाने ते स्वच्छ दिसतात.

भुवयांबद्दल थोडक्यात सांगते. वर्षानुवर्षे थ्रेडिंग केल्याने काही केस परत येत नाहीत, तेव्हा आता आकार बारीक करणे थांबवावे आणि पेन्सिलने केसांच्या दिशेने तुटक रेघा देऊन भर द्यावी. भुवयांचे बाहेरचे टोक विरळ झाले असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. साठीपुढे पापणीवरची त्वचा सैल होते, आणि ती नीट ताणून धरली नाही तर दोऱ्यात सापडते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिथे काळे-निळे व्रण उठतात. अशा बायकांच्या भुवया मी चिमट्यानेच करते.

येथपर्यंत जे लिहिले ते शरीराचे झाले. आता जाऊबाईंचे बोलणे. त्यांचा हेतू वाईट असेल असे मी मानत नाही. कदाचित कोणीतरी तुम्हाला नावे ठेवील अशी त्यांना काळजी वाटत असेल. तरीही 'सून आली की सासूने आवरते घ्यावे' या विचाराचे मूळ कुठे आहे हे पाहायला हवे. आपल्या समाजात बाईचा शृंगार तिचा स्वतःचा कधीच मानला गेला नाही. तो नवऱ्याच्या असण्याशी जोडला गेला, आणि पुढची पिढी घरात आली की तो तिच्याकडे सोपवायचा, असे धरले गेले. याच विचाराचे टोक म्हणजे नवरा गेल्यावर कुंकू पुसणे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो वाचला तेव्हा मला माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंची आठवण झाली. पती गेल्यानंतर दोन वर्षे त्या फक्त केस कापायला येत. एका चैत्रात, बहुधा घरी हळदीकुंकू होते म्हणून, त्यांनी मला दार लोटून घ्यायला सांगितले आणि अगदी हळू आवाजात विचारले की ओठांना थोडा रंग लावला तर फार दिसेल का. मी लावला. घरी जाण्याआधी त्यांनी तो रुमालाने अर्धा पुसला आणि अर्धा ठेवला.

सांगायचे ते एवढेच की शोभते की नाही हे ठरवणारे लोक तुमच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवत नाहीत, ते तुमच्या नात्याच्या पायरीकडे पाहून ठरवतात. म्हणून त्यांच्या मतावर फाउंडेशन सोडू नका, आणि त्यांना दाखवून देण्यासाठी ते चालूही ठेवू नका. ते रेघांमध्ये साचते म्हणून सोडा. लिपस्टिक तुम्हाला आवडते म्हणून ठेवा. आणि तुम्हाला मनापासून काहीच लावावेसे वाटत नसेल, तर सनस्क्रीन लावून मोकळ्या चेहऱ्याने फिरण्यातही काही उणे नाही. कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या कितीतरी बायका तशाच येतात आणि सुंदर दिसतात.

निर्णय घेण्याची माझी पद्धत सांगते. एका वेळी एकच वस्तू बंद करावी आणि पंधरा दिवस थांबावे. सुरुवात फाउंडेशन आणि कॉम्पॅक्टपासून करावी, कारण त्रास त्यांचाच आहे. पहिले तीन-चार दिवस आरशातला चेहरा परका वाटतो आणि ऑफिसमध्ये दोघी-तिघी बरे नाही का असे विचारतात. त्या दिवसांत कोणताही निष्कर्ष काढू नये, कारण तुमच्या आणि त्यांच्याही डोळ्यांना जुन्या चेहऱ्याची सवय असते. दुसऱ्या आठवड्यात कोणी विचारत नाही. पंधराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास खिडकीजवळ एक फोटो काढावा, आणि सुरू करण्याआधी त्याच जागी काढलेल्या फोटोशेजारी ठेवून पाहावा. आतल्या काजळाची रेघ मात्र या प्रयोगाची वाट न पाहता आजच थांबवा, आणि डोळ्यांना किती आराम पडतो ते पाहा. एक गोष्ट आग्रहाने सांगते, ती म्हणजे निवृत्तीच्या महिन्यात काहीही सोडू नका. ऑफिस सुटले म्हणून सकाळची ती पंधरा मिनिटेही सोडून दिलेल्या, आणि मग अंघोळीलाच दुपार करू लागलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्या पंधरा मिनिटांत दुसऱ्या कोणाचे काही काम नसते. ती वेळ ठेवा, मग तिच्यात चेहऱ्याला फक्त मॉइश्चरायझर लागले तरी चालेल.

राहिले लग्न. कामाच्या पहिल्या पंधरा वर्षांत मी वरमायांना आणि वधूच्या आईंना नवरीसारखाच जाड थर देत असे, कारण फोटोसाठी तसेच हवे अशी माझी समजूत होती. मग एक बाई लग्नाचा अल्बम घेऊन आल्या आणि म्हणाल्या की यात मी माझ्या आईसारखी दिसते. त्यांचे म्हणणे खरे होते. तेव्हापासून मी वरमाईला पातळ बेस फक्त चेहऱ्याच्या मध्यभागी देते, डोळ्यांखाली पावडर जवळजवळ लावत नाही, आणि सगळा वेळ भुवया, वरच्या पापणीची कड आणि ओठ यांना देते. सिलिका असलेली बारीक पांढरी पावडर तर मुळीच नको, कारण साध्या डोळ्यांना ती दिसत नाही पण कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये चेहऱ्यावर पांढरे चट्टे उमटवते. तुमच्या मेकअप आर्टिस्टना हे आधीच सांगा. केसांना रंग लावणार असाल तर ४८ तास आधी कानामागे थोडा लावून पाहा, वर्षानुवर्षे तोच रंग वापरत असलात तरीही, कारण त्यातील पीपीडी नावाच्या रसायनाची अॅलर्जी कधीही सुरू होऊ शकते. लग्नाआधीच्या पंधरा दिवसांत फेशियल, ब्लीच किंवा कोणतीही नवी वस्तू चेहऱ्याला लावू नका. कपाळावर काय लावायचे, हे डॉक्टरांनी सांगितले असेल तसेच करा, आणि कोणी आग्रहाने टिकली लावू लागले तर त्यांना कारण सांगून थांबवा.

ट्रायल तुळशीच्या लग्नाच्या सुमारास घ्या, आणि त्या दिवशी पार्लरच्या दिव्यांखाली पसंती देऊ नका. चष्मा लावून घरी या, नेहमीप्रमाणे जेवा, कोणाशी तरी फोनवर मनसोक्त बोला, आणि चार तासांनी खिडकीजवळ जाऊन डोळ्यांचे कोपरे आणि ओठांच्या कडा पाहा. तिथे काही साचलेले नसेल तरच त्यांना होकार कळवा.